सानुग्रह अनुदान, ईबीसी आणि पप्पांचा मोबाईल

आधीच सांगतो, मी मुलगी आहे, पण आमच्या कोल्हापुरात पोरीपण आलो-गेलोच म्हणतात, तेव्हा खाली कुणी व्याकरण काढत बसू नका.

२०२१ च्या मे महिन्यात पप्पा गेले. उद्यमनगरात लेथवर होते, सव्वीस वर्षं एकाच वर्कशॉपला. एप्रिलच्या शेवटी ताप आला, वॉर्डातल्या सेंटरवर स्वॅब दिला, पॉझिटिव्ह आला, तीन दिवस घरात वाफ घेत बसले आणि चौथ्या दिवशी ऑक्सिजन ८८ दाखवायला लागला तसं मामानं रिक्षात घालून चार दवाखाने फिरवले, पाचव्या ठिकाणी बेड मिळाला. खाजगी दवाखाना, नाव लिहीत नाही. नऊ दिवस. बिल एक लाख ऐंशी हजाराच्या वर गेलं, आईच्या पाटल्या गेल्या, मामानं सोसायटीतनं कर्ज उचललं, तरी बावीस हजार राहिलेच. हे बावीस हजार लक्षात ठेवा, पुढं येतायत.

मी तेव्हा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या सेमला. ऑनलाईन लेक्चर, मोबाईल एकच, तो पण धाकट्या भावाबरोबर वाटून. पुढं डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयरला जायचं हे पप्पांबरोबर ठरलेलं, पण आता फी कुठनं आणायची हे कुणी तोंडानं विचारत नव्हतं, नुसतं घरात फिरत होतं.

पहिली मदत कुठली आली सांगू? बाराव्याच्या आधी, आमच्या डिपार्टमेंटच्या एका सरांचा फोन आला. शिक्षकांनी आपसात काढलेले पैसे होते, ज्या पोरांच्या घरी असं काही झालंय त्यांच्यासाठी. मी आपलं सवयीनं विचारलं, सर अर्ज कुणाच्या नावे करू? तर म्हणाले, "अर्ज कशाला गं, गूगल पे चालू हाय न्हवं तुझं?" पाच हजार आले, फोन ठेवायच्या आत. नंतर एकदा लॅबमध्ये गेलो तेव्हा एका जर्नलच्या मागच्या पानावर सही घेतली, तिथं माझ्या वर आणखी सहा सह्या होत्या. बास. दुसरी मदत तालमीच्या पोरांची, पंधरा दिवसांचा किराणा, तांदूळ, आटा, तेल, साखर आणि कांदा-लसूण चटणीचं पाकीट. कोल्हापुरात दुःखाच्या घरी पण चटणीशिवाय किराणा देत नाहीत.

आणि मग सुरू झाले व्हॉट्सॲप फॉरवर्ड. मेच्या शेवटी पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन जाहीर झालं, त्यात वयाच्या २३ व्या वर्षी दहा लाख मिळणार, त्यामागोमाग राज्य सरकारचं पाच लाखांच्या ठेवीचं आलं. आमच्या प्रत्येक नातेवाईकानं ते मला वेगवेगळं पाठवलं, आत्यानं तर चारदा. शेवटी आत्या घरी आलेली असताना मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं की आत्या, हे आपल्याला नाही, यात आई-बाप दोघंही गेलेले पाहिजेत. आई शेजारीच बसून लसूण सोलत होती. त्यानंतर आत्यानं फॉरवर्ड पाठवणं बंद केलं.

जुलैत पूर. आम्ही शुक्रवार पेठेत राहतो, पंचगंगा आमच्याकडं पाहुण्यासारखी येते, २०१९ ला आलती, २०२१ ला परत आली. २०१९ चा अनुभव असल्यामुळं टीव्ही, मिक्सर, गाद्या, दप्तरं, पप्पांचा व्हर्नियर आणि मायक्रोमीटर (मापं घ्यायची हत्यारं, कॉटन वेस्टमध्ये गुंडाळून, ते तसंच ठेवायचे) सगळं माळ्यावर चढवलं आणि राजारामपुरीत मावशीकडं गेलो. दवाखान्याची पिशवी मात्र तिजोरीच्या खालच्या खणात राहिली. तिजोरी म्हणजे लोखंडी कपाट, पैशाची नव्हे. सहा दिवसांनी परत आलो तर भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ, आणि पिशवीतले कागद म्हणजे भिजवलेली पोह्याची मूठ. आईनं एकेक कागद सुटा करून तव्यावर, खरंच तव्यावर, मंद गॅसवर वाळवला. महापालिकेचा मृत्यूचा दाखला लॅमिनेशन केलेला म्हणून वाचला. बिलं अर्धी वाचता येत होती. आरटीपीसीआरचा रिपोर्ट लगदा झालेला, त्यावर फक्त एक निळा गोल शिक्का कळत होता.

तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. माणूसच गेलं, रिपोर्ट घेऊन काय करायचंय.

दिवाळीच्या मागंपुढं डिग्रीच्या ॲडमिशनची गडबड. कॅप राऊंडला (म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) कोल्हापूर भागातलंच एक खाजगी कॉलेज लागलं, फी वर्षाला ८४ हजार. आता इथं मदतीचे तीन दरवाजे होते आणि तिन्हींच्या किल्ल्या वेगळ्या.

एक, महाडीबीटी या राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवरची ईबीसी. म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पण हे पूर्ण नाव फक्त वेबसाईट घेते, आम्ही सगळे ईबीसीच म्हणतो. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि ॲडमिशन कॅपमधनं असेल तर तेव्हा निम्मी ट्यूशन फी सुटायची. दोन, एआयसीटीईची, म्हणजे देशाच्या तंत्रशिक्षण परिषदेची, स्वनाथ स्कॉलरशिप, त्याच वर्षी आलेली. कोविडनं आई किंवा वडील, एक जरी गेलं असेल तरी चालतं, वर्षाला ५० हजार, पण सगळ्या देशात डिग्रीच्या हजार आणि डिप्लोमाच्या हजार पोरांना. तीन, सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरनं सुरू झालेलं ५० हजारांचं सानुग्रह अनुदान, ते विद्यार्थ्याला नव्हे, मेलेल्या माणसाच्या जवळच्या नातेवाईकाला. राज्याचा जीआर २६ नोव्हेंबर २०२१ चा, त्यानंतर पोर्टल उघडलं. भावासाठी बाल संगोपन योजनेचा पण फॉर्म भरला, तेव्हा महिना हजार-अकराशेचं प्रकरण, त्याची कथा वेगळी आहे, ती आईच सांगू शकेल.

ईबीसीला उत्पन्नाचा दाखला लागतो. खिडकीवरच्या माणसानं विचारलं उत्पन्न कुणाचं? म्हटलं वडील वारले, आई घरात असते. मग उत्पन्न किती? म्हटलं काही नाही. तर म्हणे शून्याचा दाखला निघत नाही, काहीतरी लिहावं लागेल. मग आईनं विचार करून सांगितलं की मी ब्लाऊजला काजं-बटणं करते, महिना दीड-दोन हजार सुटतात. असा आमच्या घराचा पहिला दाखला आईच्या कमाईवर निघाला. आई तो दाखला बराच वेळ हातात धरून बसलेली, मला वाटलं रडणार, तर म्हणाली, "माझं नाव पहिल्यांदा वर आलंय बघ."

आता स्वनाथचा घोळ. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म भरला, तर कॉलेजच्या ऑफिसमधल्या मॅडमनी सांगितलं, दुसरी सरकारी स्कॉलरशिप घेत असशील तर ही चालत नाही, दोन्हीतली एकच. रात्री कॅलेंडरच्या मागं हिशोब मांडला. ईबीसीत साधारण ३५ हजार सुटत होते पण नियमात बसलं की मिळणारच, आज ना उद्या. स्वनाथमध्ये ५० हजार, पण मिळालं तर. आईला विचारलं तर तिचं उत्तर तयार, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. मी म्हटलं आई, हातात काहीच नाहीये, दोन्ही पळतंच आहे. तरी तिचंच ऐकलं, म्हणजे खरं सांगायचं तर मी स्वनाथचा फॉर्म तसाच ठेवला आणि ईबीसीची शेवटची तारीख जवळ येईपर्यंत वाट बघायची ठरवली. पण स्वनाथला कॉलेजच्या नोडल ऑफिसरनं व्हेरिफाय करावं लागतं, आणि ते बटण आमच्याकडं कुणी दाबलंच नाही. मी तीनदा गेलो, एकदा सर रजेवर, एकदा लॉगिनचा पासवर्ड विसरलेला, एकदा "करतो की, थांब की जरा". तारीख गेली. हजारात माझा नंबर लागला असता का नसता ते देव जाणे, पण यादीत जायच्या आधीच संपलं याचा राग मला अजून आहे. ईबीसी भरली, ती पण एकदा परत आली, कारण आधारवर माझं नाव आईच्या माहेरच्या पद्धतीनं आणि मार्कशीटवर वेगळं. दुरुस्त केली. निम्मी फी सुटली. उरलेल्या फीसाठी हमीपत्र लिहून दिलं की जानेवारीपर्यंत भरतो.

म्हणजे आता सगळा जीव त्या ५० हजारांवर.

पोर्टलवरचा फॉर्म तसा सोपा होता, मोबाईल नंबर, ओटीपी, आईचं आधार, बँकेचा कॅन्सल चेक, मृत्यूचा दाखला, पॉझिटिव्ह असल्याचा कागद, आणि बाकीच्या वारसांची हरकत नाही असं स्वयंघोषणापत्र. गल्लीतल्या ई-सेवा केंद्रातल्या दादानं भरून दिला, पन्नास रुपये घेतले. डिसेंबरात भरला, जानेवारीत रिजेक्ट. कारणं दोन.

पहिलं नाव. आमच्या भागात माणसाच्या नावाला साहेब लावतात आणि लिहिताना त्याचं सो करतात, बाळासो, आप्पासो, रावसो, आणि माणूस आयुष्यभर दोन्ही नावांनी सुखानं जगतो. पप्पांच्या आधारवर सो होतं. मृत्यूच्या दाखल्यावर साहेब. कॉम्प्युटरच्या लेखी आमच्या घरात दोन माणसं होती, एक जिवंत, एक मेलेला. शंभरचा स्टॅम्प घेऊन ॲफिडेव्हिट केलं की सदर दोन्ही नावांची व्यक्ती एकच. टायपिंगवाल्या काकांकडं मजकूर तयारच होता, फक्त नाव बदलायचं, म्हणाले "दिवसाला पाच-सहा सो येतात माझ्याकडं."

दुसरं कारण जास्त अवघड. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलंच नसतं, हे मला तेव्हा कळलं. कारण असतं डॉक्टरनं भरलेल्या फॉर्म चार मध्ये. तो मागायला दवाखान्यात गेलो तर रेकॉर्डवाल्यानं आधी पप्पांचं नाव कॉम्प्युटरवर टाकलं आणि म्हणाला, बावीस हजार येणं आहे. मी म्हटलं ते द्यायलाच तर हा कागद पाहिजे. तो म्हणाला ते मला सांगू नका, अकाउंटला सांगा. अकाउंटवाली म्हणाली रेकॉर्डला सांगा. मामा दुसऱ्या दिवशी आला, त्यानं आवाज चढवला, मग दहा हजार भरून घेतले आणि कागद दिला. दहा हजार मामाचेच. आणि त्या कागदावर काय, तर बायलॅटरल न्यूमोनिया, एआरडीएस, कार्डियाक अरेस्ट. कोविड हा शब्द कुठंच नाही. नऊ दिवस पीपीई किट घालून वावरलेले, त्यांनीच बॉडी बांधून दिलेली, आम्हाला तोंड पण बघू दिलं नाही, आणि कागदावर कोविड नाही. मी जिन्यातच बसलो.

ई-सेवावाल्या दादानं तेव्हा रस्ता सांगितला. म्हणाला, "कारण काय बी असू दे, पॉझिटिव्ह आल्यापासनं तीस दिवसांत माणूस गेलं असंल तर कोविडच धरतात, तसा नियम हाय. रिपोर्ट आण फक्त." म्हटलं रिपोर्ट पुरात गेला. "मग एसआरएफ आयडी बघ, सॅम्पलचा नंबर. स्वॅब दिला तेव्हा मेसेज आला असंल, पप्पांच्या मोबाईलवर."

पप्पांचा मोबाईल आईनं लाडवाच्या स्टीलच्या डब्यात घालून देवघराच्या खाली ठेवलेला. नऊ महिने कुणी हात लावला नव्हता. चार्जिंगला लावला, वीस मिनिटं काहीच नाही, मग लाल बॅटरी आली. पॅटर्न मला माहीत नव्हता, भावाला माहीत होता, लपून गेम खेळायचा. म्हणाला, "एल हाय. लेथचा एल." उघडला. सिम बंद पडलेलं पण मेसेज होते. वरचे सगळे रिचार्ज संपल्याचे, मग पाच लाखांचं लोन मंजूर झाल्याचा एक, मग वर्कशॉपमधल्या कुणाचा तरी, दादा बरं वाटतंय का, आणि त्याच्या खाली तो, २८ एप्रिल, सॅम्पल घेतल्याचा, पप्पांचं नाव (सो नव्हे, साहेब नव्हे, स्पेलिंगच चुकलेलं तिसरंच काहीतरी), आणि पुढं लांबलचक आकडा. मी आकडा वहीत उतरवला, दोनदा तपासला, मग स्क्रीनचा फोटो माझ्या मोबाईलनं काढला. भाऊ गॅलरी उघडून बसला. शेवटचे चाळीस-पन्नास फोटो सगळे जॉबचे होते, चकमध्ये लावलेला शाफ्ट, बुश, व्हर्नियरचं रीडिंग नीट दिसावं म्हणून अगदी जवळनं काढलेलं. आमचा एकही नाही. एका फोटोत फक्त त्यांच्या अंगठ्याचं काळं नख आलंय.

त्या नंबरावर रिपोर्ट परत निघाला. २८ एप्रिल ते १२ मे, चौदा दिवस. ॲफिडेव्हिट, फॉर्म चार, रिपोर्ट, बिलाचे तव्यावर भाजलेले कागद, सगळ्याचे तीन-तीन झेरॉक्स काढून पोर्टलवरनं तक्रार निवारण समितीकडं अर्ज टाकला. मला वाटलेलं कोर्टासारखं काहीतरी असेल, आई तर नवीन साडी नेसून आलेली. एक खोली, टेबलाच्या पलीकडं तीन-चार जण, फाईलचा ढीग. एका डॉक्टर मॅडमनी रिपोर्टवरची तारीख बघितली, दाखल्यावरची बघितली, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, हे आधीच का नाही जोडलं? पाच मिनिटं पण लागली नाहीत. आई बाहेर येऊन म्हणाली, "एवढंच हुतं व्हय?"

मार्चमध्ये मंजूर. पैसे काही येईनात. एप्रिल अर्धा गेला, आईच्या बँकेत मी आठवड्याला दोनदा जायचो, पासबुकावर काजं-बटणांचे चारशे-पाचशे सोडून काही नाही. कॉलेजचं हमीपत्र केव्हाच उलटलेलं, परीक्षेचा फॉर्म अडवणार म्हणून निरोप आलेला, एचओडी सरांनी शब्द टाकला म्हणून थांबले. शेवटी परत तोच ई-सेवावाला दादा. आधारच्या साईटवर आईचं बँक लिंकिंग बघितलं तर तिसऱ्याच बँकेचं नाव. कधीतरी गॅस सबसिडीसाठी जनधनचं खातं काढलेलं, आईला आठवत पण नव्हतं. चेक कुठल्या का बँकेचा जोडा, आधारवरनं पाठवलेले पैसे मॅपिंग जिथं असेल तिथं जातात. ज्यांना असे पैसे यायचेत त्यांनी हे आधी बघून घ्या, मोबाईलवरनं *९९*९९*१# लावून पण लिंक आहे का नाही ते कळतं.

ते जुनं पासबुक शोधायला दोन दिवस गेले, माळ्यावर मिळालं, व्हर्नियरच्या डब्याखाली. घेऊन गेलो तो दिवस ६ मे २०२२. शाहू महाराजांच्या स्मृतीला शंभर वर्षं, सकाळी दहाला शंभर सेकंद सगळ्यांनी आहे तिथं उभं राहायचं असं ठरलेलं. मी बँकेच्या बाहेरच्या पासबुक मशीनसमोर. मशीननं पासबुक आत ओढून घेतलं आणि त्याच वेळी रस्ता थांबला. खरंच थांबला. केएमटीची बस थांबली, रिक्षावाला रिक्षाच्या बाहेर येऊन उभा राहिला, चहाच्या गाड्यावरच्यानं गॅस बारीक केला. आणि एवढ्या शांततेत माझं मशीन एकटंच कर्र, कर्र, कर्र करत सहा-सात वर्षांच्या गॅस सबसिडीच्या ओळी छापत होतं, संपेचना. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. मागं उभे असलेले एक आजोबा मान खाली घालून उभे होते, त्यांनी एक डोळा उघडून मशीनकडं बघितलं आणि परत मिटला. ज्या राजानं प्लेगच्या साथीत लोकांची व्यवस्था लावली, खेड्यातल्या पोरांनी शिकावं म्हणून बोर्डिंगं काढली, त्याच्या नावाच्या योजनेत माझी निम्मी फी, आणि त्याच्याच शंभर सेकंदांत माझं मशीन वाजतंय. रस्ता परत सुरू झाला तेव्हा पासबुक बाहेर आलं. शेवटच्या ओळीत पन्नास हजार. एप्रिलपासनं तिथंच पडून होते.

बारा हजार दवाखान्याचे राहिलेले दिले. आईनं हट्टानं दिले, म्हणाली नावावर नको. पस्तीस कॉलेजला. तीन उरले ते मामा घेईना, मग त्याच्या पोरीला सायकल घेऊन दिली, वरचे आईनं घातले.

हे सगळं गल्लीत कळलंच. त्याच आठवड्यात आमच्या मागच्या बोळातल्या काकू आल्या, प्लॅस्टिकची पिशवी घेऊन, तसलीच, पुरात भिजलेली. काका जूनमध्ये गेलेले. २४ मार्चला कोर्टानं सांगितलेलं की जुन्या मृत्यूंचे अर्ज साठ दिवसांत करायचे, त्यातले पंधराएक दिवस राहिलेले. काकूंनी पिशवी माझ्यापुढं पालथी केली आणि कुठला कागद कामाचा ते मला विचारायला लागल्या. मी कागद बघितलेच नाहीत आधी.

"काकू, काकांचा मोबाईल कुठाय?"

"पोरग्याला दिला की वापरायला. त्यानं फॉरमॅट मारून घेतलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आम्ही दोघी काकांचा स्वॅब तपासलेल्या लॅबच्या दारात. शटर अजून उघडायचं होतं.